सगळ्यात वेगवान किलोमीटर

नवऱ्याच्या कंपनीतल्या मित्रांमध्ये माझ्यावर एक विनोद चालतो. बोईसरला सायरन वाजला आणि वहिनींनी जी धूम ठोकली ती थेट मनोरला जाऊन थांबल्या. घरी कुणी चहाला आलं की तो निघतोच. सगळे हसतात, मीही हसते. न हसून काय करणार? आतल्या खोलीत पलंगावर बसलेल्या माझ्या सासूबाई मात्र हसत नाहीत. त्या विनोदात त्या कुठेच नसतात. त्यांना वगळलं म्हणूनच तो विनोद होऊ शकला, हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही.

मी पळायला लागले चाळिशी उलटल्यावर, आणि तीही लाजत लाजत. आम्ही मूळचे सांगलीकडचे. नवरा इथे बोईसरच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट बघतो, सरावलीत आमचा फ्लॅट आहे, आणि दुपारी मी मुलांना गणिताच्या शिकवण्या देते. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली, पायात नवऱ्याने आणलेले भडक केशरी बूट, असा माझा अवतार असायचा. समोरून कंपनीची बस आली की मी पळणं थांबवून चालायला लागायचे, जणू भाजी आणायला निघाले आहे. बस गेली की पुन्हा पळायचं. नवरा म्हणायचा, "अगं, बसवाल्यांना माहितीय आता. ते तुला बघून वेळ ओळखतात."

त्याचं जुनं घड्याळ मला मिळालं आणि पेस नावाचं प्रकरण घरात आलं. मला आधी ते उलटंच वाटलं. गाडीचा वेग आपण तासाला इतके किलोमीटर असा सांगतो, म्हणजे आकडा मोठा तितकी गाडी जोरात. पळणाऱ्यांचं याच्या उलट. एक किलोमीटरला किती मिनिटं लागली, तो पेस. आकडा जितका लहान तितके तुम्ही शहाणे. लागलेल्या वेळाला अंतराने भागायचं, संपलं. पण भागाकार झाला की एक खड्डा असतो, आणि त्यात माझा इंजिनिअर नवरा पहिल्याच आठवड्यात पडला. कॅल्क्युलेटरवर आठ पॉइंट चार आलं आणि त्याने जाहीर केलं, आठ मिनिटं चाळीस सेकंद. मी म्हटलं, मिनिटात सेकंद शंभर असतात का साठ? पॉइंट चार म्हणजे साठाचे चार दशांश, चोवीस सेकंद. मग पोळ्या लाटता लाटता मी सोळा सेकंदांनी वेगवान झाले. त्या दिवशी मी फार मिजाशीत होते.

सात मिनिटांच्या आत एक किलोमीटर, हे माझं स्वप्न झालं. नवऱ्याचा पळणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, रविवारी मासवणच्या रस्त्याला जातो आणि परत आल्यावर फोनवर एकमेकांची पाठ थोपटतो. त्यातल्या बायकासुद्धा सहाने पळायच्या. मी कितीही जीव काढला तरी साडेसातच्या खाली उतरत नव्हते.

त्याच वर्षी थंडीत सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या आमच्याकडे राहायला आल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चालवा, दुखलं तरी चालवा. आत्ता बसून राहिल्या तर गुडघा धरून बसेल, मग आम्हीही काही करू शकणार नाही. चालवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. पण त्या मला हात लावू द्यायच्या नाहीत. सगळा जन्म शेतात आणि चुलीपुढे स्वतःच्या हिमतीवर काढलेली बाई. वॉकर ढकलत, ओठ आवळून चालायच्या. मी शेजारून चालले तरी म्हणायच्या, "तू जरा लांब ऱ्हा. पायात येतीस."

वॉकर सुटला त्यानंतरची गोष्ट. आमच्या गल्लीत एक स्पीडब्रेकर आहे. त्यावर त्यांचा तोल गेला आणि त्यांनी माझा दंड धरला, कोपराच्या वर, घट्ट. पुढे सपाट रस्ता आला तरी सोडला नाही. दुसऱ्या दिवशी गेटपाशी पोचल्यावर त्यांनी माझ्याकडे न बघता नुसता हात पुढे केला. मी दंड पुढे केला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी माझ्यावर भार टाकलाय असं पहिल्यांदाच होत होतं. मला किती आनंद झाला ते मी नवऱ्यालाही सांगितलं नाही, कारण त्याने चेष्टा केली असती.

मग आमचा ठरलेला क्रम झाला. सकाळची आवराआवर झाली, ऊन गल्लीत उतरलं, की आम्ही निघायचो. त्यांना हाडात ऊन गेलेलं आवडायचं. गेटपासून गल्लीच्या टोकाच्या मारुतीच्या देवळापर्यंत चालायचं. तिथल्या कट्ट्यावर त्या बसायच्या, मी त्यांच्यापाशी पाण्याची बाटली ठेवायचे आणि मेन रोडकडे एक चक्कर पळून यायचे. मी येईपर्यंत त्यांचा गुडघा विसावलेला असायचा. मग पुन्हा दंड धरून घरी. आमच्या खालच्या मजल्यावर राहणारी बाई, माहेरची किनाऱ्याकडची, बऱ्याचदा देवळात यायची आणि त्यांच्याशी गप्पा मारत बसायची.

एकदा गंमत म्हणून मी घड्याळावर सासूबाईंचा पेस काढला. गेट ते देऊळ तीनशे मीटर, लागली नऊ मिनिटं. म्हणजे किलोमीटरला तीस. मी म्हटलं, "आई, तुमचा पेस तीस आला."

"चांगला हाय का?"

"पहिला नंबर," मी ठोकून दिलं. त्या लाजल्या, खरंच लाजल्या. संध्याकाळी शिफ्टवर असलेल्या मुलाला त्यांनी फोनवर सांगितलं, माजा तीस आला म्हणून. तो तीस माझ्या डोक्यात पक्का बसला तो तेव्हापासून.

आता सायरनचं सांगते.

इथे राहणाऱ्याला सायरन म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. शिफ्टचा भोंगा वेगळा, हा वेगळा, वरखाली होत रडल्यासारखा. एस्टेटमध्ये, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, कुठे ना कुठे आग नाहीतर वायुगळती होत असते. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात स्फोट झाला तेव्हा आमच्या स्वयंपाकघराची काच फुटून पिठाच्या डब्यात पडली होती. ते पीठ मी फेकून दिलं, पण भीती गेली नाही. नवऱ्याने मला पढवून ठेवलेलं आहे. आधी वारा बघ. झेंडा बघ, धुराडं बघ. वाऱ्याबरोबर पळायचं नाही, वाऱ्याला आडवं पळायचं. नाकाला ओलं फडकं. वस्तू गोळा करत बसायचं नाही. इथल्या प्रत्येक घरात हे पोरासोरांना पाठ असतं.

त्या दिवशी सासूबाई कट्ट्यावर बसल्या होत्या, शेजारीण देवळाच्या पायरीवर फुलं निवडत होती. मी घड्याळाचं बटण दाबलं होतं, कानात इयरफोन होते, त्यात एक बाई पळण्याचा ठेका मोजत होती. त्या ठेक्याच्या वर सायरन चढला.

घाबरलेली माणसं नंतर म्हणतात, काही सुचलंच नाही. मला ते म्हणायची सोय नाही. मला सगळं सुचलं. मी देवळावरचा झेंडा बघितला. तो एस्टेटकडून आमच्याकडे फडफडत होता. म्हणजे मेन रोडच्या दिशेने आडवं. मग मी सासूबाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. मेन रोड तिथून बरोबर एक किलोमीटर, हे मला रोज पळून ठाऊक होतं. त्यांना घेऊन गेले तर तीस मिनिटं. एकटी गेले तर साडेसात. मी मुलांना शिकवते ना, तोंडी गणित माझं फार चांगलं आहे. एका श्वासात ते झालं.

आणि मी वाकून कट्ट्यावरची पाण्याची बाटली उचलली. त्यांच्यासाठी आणलेली. ओढणीवर रिकामी केली, ओढणी नाकाला लावली आणि पळाले.

मागून कुणीतरी ओरडतंय हे इयरफोनमधूनही कळत होतं. मी मागे बघितलं नाही. मला वाटलं त्या मला थांब म्हणताहेत, आणि थांबायचं नव्हतं, म्हणून नाही बघितलं. मी अशी पळाले की आयुष्यात कधी पळाले नव्हते. श्वास पुरत होता, पाय उचलत होते, छाती दुखत नव्हती. इतके दिवस जमत नव्हतं ते सगळं जमत होतं.

मेन रोडच्या कोपऱ्यावर चहाची टपरी आहे. तिथे रात्रपाळीहून सुटलेले आठदहा कामगार बाकड्यावर बसून निवांत चहा पीत होते. ओली ओढणी तोंडाला लावून धापा टाकत आलेल्या मला बघून ते चहा प्यायचे थांबले. मी इयरफोन काढले. सायरन अजून चालूच होता. त्यातला एक जण अदबीने उठून म्हणाला, "भाभीजी, मॉक ड्रिल है. कल रिक्शा घुमा था ना, माइक लेके. आप बैठिए, पानी पीजिए."

उद्याचा सायरन खोटा, नुसता सरावाचा, असं सांगत रिक्षा फिरली होती. आमच्या गल्लीतूनही फिरली होती, मी कानात इयरफोन घालून पळायला गेले असताना. अख्ख्या सरावलीला माहीत होतं, आणि मलाही माहीत असेल असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. त्या सकाळी गावात जिवाच्या आकांताने पळणारी मी एकटीच होते.

तेवढ्यात मनगटावर घड्याळ थरथरलं. पडद्यावर एक छोटासा चषक आला. तुमचा सगळ्यात वेगवान किलोमीटर, सहा मिनिटं बारा सेकंद. अभिनंदन.

परतीची वाट मी चालत आले. पळायचा धीर नव्हता आणि पोचायचीही इच्छा नव्हती. देवळापाशी आले तर सासूबाई होत्या तशाच कट्ट्यावर उन्हात बसलेल्या. शेजारीण मला बघून हसायलाच लागली. "अवो वहिनी, काय पळालात तुमी! आमी दोघी बोंबलतो हाय, ड्रिल हाय, खोटा हाय, पळू नका! तुमच्या सासूबाय तर उभ्या ऱ्हायल्या हाका मारायला. तुमाला काय ऐकूच नाय."

म्हणजे त्या थांब म्हणत नव्हत्या. पळू नको, पडशील, असं ओरडत होत्या. आणि माझ्यासाठी, दंड न धरता, कट्ट्यावरून एकट्या उठल्या होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. हातात त्यांची रिकामी बाटली होती, ती कुठे लपवावी ते कळेना.

"आलीस?" सासूबाई म्हणाल्या. "चल मग."

मी दंड पुढे केला. त्यांनी देवळाच्या भिंतीला हात लावला, तिच्या आधाराने उठल्या आणि पुढे कंपाउंडची भिंत धरून चालायला लागल्या.

"आई, धरा ना."

"ऱ्हाऊ दे. भिंत हाय."

त्या दिवसापासून त्यांनी माझा हात धरला नाही. स्पीडब्रेकरवर भिंत लांब पडते, तिथे त्या थांबून, पाय चाचपून, एकट्याने पार व्हायच्या आणि मी मागे दोन्ही हात पसरून उभी असायचे, कुणी बघितलं तर हसेल अशी.

नवऱ्याने फोनवर माझा तो चषक बघितला आणि मला न विचारता ग्रुपवर टाकला. माझ्या बायकोने सात फोडले. टाळ्यांचे, अंगठ्यांचे, गुलाबांचे ढीग पडले. कुणीतरी विचारलं, वहिनी, रहस्य काय? रात्री जेवताना मी त्याला सगळं सांगितलं, झेंडा, बाटली, तीस आणि साडेसात, सगळं. सासूबाई समोरच भाकरी कुस्करत होत्या. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "अगं पण ड्रिलच होती ना! काय झालं त्यात? काहीच तर झालं नाही." मनोरचा विनोद त्याने त्याच पानावर रचला. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी आमटी मागितली.

काहीच झालं नाही हे खरंच. वायू सुटला असता, त्यांना काही झालं असतं, तर मला लोकांनी नावं ठेवली असती, आणि मीही मोठ्याने रडू शकले असते. आता रडायला कारण नाही. फक्त दोन माणसांना खरं उमगलंय की वेळ आली तर मी काय करते, आणि त्या दोघी एकाच घरात राहतात.

एकदा धीर केला. त्या मेथी निवडत होत्या. मी शेजारी बसले आणि म्हटलं, "आई, त्या दिवशी माझं चुकलं. तुम्हाला सोडून जायला नको होतं."

"सायरन वाजल्यावर कुणीबी पळंल," त्या म्हणाल्या आणि निवडलेली मेथी माझ्याकडे सरकवली. "देठं कवळी हायत, टाकू नगं."

त्यांनी रागावून दोन शब्द सुनावले असते तर मी त्यांचे पाय धरले असते. मेथी घेऊन उठले. मी पळणं बंद केलं, घड्याळ काढून फ्रिजवर ठेवलं. नवरा म्हणाला, फॉर्म आलाय आणि आत्ता सोडतेस? केशरी बुटांकडे बघवत नव्हतं, म्हणून ते कपाटाखाली सारले. त्यांना चालवायला मी चपला घालून जायचे.

थंडी सरत आली होती. एका सकाळी निघताना सासूबाई गेटपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "ते घड्याळ कुटं हाय तुजं? माज्या हातात बांद की."

मला वाटलं, बर्फ वितळला. मी धावत वर गेले, फ्रिजवरून घड्याळ आणलं, त्यांच्या बारीक मनगटावर शेवटच्या भोकापर्यंत ओढून बांधलं. हिरव्या बांगड्यांच्या वर ते काळं घड्याळ. बटण दाबलं. त्या भिंतीला हात लावून निघाल्या, नेहमीपेक्षा जोरात, खालचा ओठ दातात धरून. स्पीडब्रेकरवर थांबल्या नाहीत. देवळापाशी आल्यावर कट्ट्यावर बसल्या, घामाघूम झाल्या होत्या.

"किती झालं?"

"साडेसात मिनिटं." मी मनात भागलं. "म्हणजे पेस पंचवीस. आई, पाच मिनिटांनी कमी झाला!" माझा आवाज आनंदाने चिरकला. किती तरी दिवसांनी मी त्यांच्याशी मोठ्याने बोलले.

"म्हंजे हितनं मेन रोडपातूर जायला मला पंचवीस मिंटं."

"हो."

त्यांनी वर झेंड्याकडे बघितलं. मग रस्त्याच्या टोकाकडे. मला तेव्हा कळलं की इतके दिवस भिंत धरून चालणं कशासाठी होतं.

"लई हुतंय अजून," त्या म्हणाल्या. "इसावर आणाया पायजे."

"आई, माझा हात धरलात तर..."

"न्हाई गं." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. रागाने नाही. शिकवणीतल्या एखाद्या पोरीला मी समजावते तसा. "तुज्यावर राग न्हाई माजा. तू तरणीताठी, तू पळायलाच पायजे. पर तुज्या हाताची सवय लागली हुती मला. ती मोडाया इतकं दिस गेलं."

मग घड्याळ बांधलेला हात त्यांनी माझ्यापुढे केला, घड्याळ बंद करायला. मी बटण दाबलं आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून ती त्यांच्या हातात दिली. दोन घोट पिऊन त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि बाटली आपल्या पलीकडच्या बाजूला, मांडीला लावून ठेवली.